वाटणीचं गणित

विषय एका जगप्रसिद्ध गणितज्ञाचा आहे. पण सुरुवात आमच्या घराच्या ओटीवरून करावी लागेल, त्याला इलाज नाही.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी एका मे महिन्यात आम्ही तिघं भाऊ वाटणीला बसलो. वडील जाऊन वर्ष झालं होतं. मिळकत फार मोठी नव्हती. घराभोवतीची हापूसची कलमं, विहिरीलगतचा भातशेतीचा तुकडा, आणि वर सड्यावरचा कातळ, जिथं पावसाळ्यात गवत आणि एरवी ऊन याखेरीज काही पिकत नाही. आदल्या रात्री जेवणं झाल्यावर दादा आणि मी मागीलदारी बोलत उभे राहिलो. भांडण नव्हतं, कट तर नव्हताच. पण आत जाईपर्यंत कलमं दादाकडे, शेत आणि विहीर माझ्याकडे आणि सडा धाकट्याकडे, असं ठरून गेलं होतं. धाकटा मुंबईला नोकरीला. त्याला गावच्या जमिनीचा काय उपयोग, अशी आम्ही एकमेकांची समजूत घातली. सकाळी त्यानं कागद वाचला, सही केली आणि संध्याकाळच्या एस्टीनं निघून गेला. पुढची अकरा वर्षं तो गणपतीला आला नाही.

मी शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या घरी वाचत बसायचा नाद लागला आणि एक दिवस एका पुस्तकात एक साधं उदाहरण समोर आलं. तीन माणसांना एक रुपया वाटून घ्यायचा आहे. दोघांचं ज्यावर एकमत होईल ती वाटणी कायम. तर काय होईल? उत्तर असं, की कुठले तरी दोघं एक होतील, आठ-आठ आणे घेतील आणि तिसऱ्याच्या हाती काही पडणार नाही. मी पुस्तक मिटलं. मला आमचं मागीलदार दिसत होतं.

हे गणित मांडणारा माणूस म्हणजे जॉन फॉन नॉयमन. त्याचं चरित्र मी मग मिळेल तिथून वाचून काढलं. अणुबॉम्ब, संगणक, पुंजभौतिकी, हवामानाचे अंदाज, सगळीकडे त्याचं नाव आहे. मला मात्र तो त्याच्या एका प्रश्नामुळं जवळचा वाटू लागला. माणसं एकमेकांत वाटून कसं घेतात, हा तो प्रश्न. हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला आणि शेवटी त्याच्या स्वतःच्या घरातही आला.

* * *

त्याचा जन्म २८ डिसेंबर १९०३ चा, बुडापेस्टचा. घरचं नाव यानोश, लाडाचं यांची. अमेरिकेत गेल्यावर तो सगळ्यांचा जॉनी झाला. वडील मिक्शा नॉयमन बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आई मार्गित ही कान नावाच्या व्यापारी घराण्यातली. आईच्या वडलांचा शेतीच्या अवजारांचा आणि जात्याच्या दगडांचा धंदा होता. दुकान तळमजल्यावर आणि वरच्या मजल्यांवर मुलींचे संसार, अशी एकाच इमारतीत सगळी मावस भावंडं वाढली. आपल्याकडच्या जुन्या वाड्याचीच ही तऱ्हा. आजोबांना मोठमोठे आकडे तोंडी गुणायची हातोटी होती. नातवात ती शंभरपटीनं उतरली.

यांचीला दोन धाकटे भाऊ, मिहाय आणि मिक्लोश. घरी रोजच्या जेवणाच्या टेबलावर एक रीत होती. ज्यानं त्यानं दिवसभरात सुचलेला विषय मांडायचा आणि सगळ्यांनी त्यावर बोलायचं. वडीलही बँकेतले व्यवहार मुलांपुढं ठेवीत. कोणाला कर्ज दिलं, का दिलं, जोखीम किती धरली, हे सांगून मुलांना त्यांनी काय केलं असतं ते विचारीत. पुढं जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांना त्यानं जे शिकवलं, त्याचे पहिले धडे त्या टेबलावर गिरवलेले आहेत.

१९१३ साली वडलांना सरदारकी मिळाली. नावातलं फॉन तिथून आलं. पण सहाच वर्षांत दिवस फिरले. १९१९ साली हंगेरीत बेला कुनचं साम्यवादी सरकार आलं. बँकवाल्यांना बरे दिवस नव्हते, तेव्हा नॉयमन कुटुंब काही काळ देशाबाहेर पडलं. कुनचं सरकार साडेचार महिन्यांत गेलं, पण त्यानंतर आलेल्यांनी राग काढला तो ज्यूंवर. विद्यापीठांत ज्यू मुलांच्या जागांवर मर्यादा घालणारा कायदा १९२० साली झाला. नॉयमन ज्यू होता. सोळा-सतरा वर्षांच्या हुशार मुलानं यातून काय शिकायचं ते शिकलं असणार. राज्यं पडतात, कालचा शेजारी आज ओळख देत नाही आणि जवळ राहतं ते फक्त डोकं.

ते डोकं मात्र असामान्य होतं. शाळेतल्या लास्लो रात्स या गणिताच्या मास्तरांनी ते पहिल्यांदा ओळखलं आणि वडलांकडे जाऊन मुलाची वेगळी शिकवणी ठरवली. एक मास्तर म्हणून सांगतो, अशा वेळी मुलाला आपल्याच वर्गात धरून ठेवण्याचा मोह मोठा असतो. रात्स मास्तरांनी तो आवरला. वडलांना मात्र पोराच्या पोटापाण्याची चिंता. गणितानं घर चालत नाही, ही काळजी सगळ्या वडलांची सारखीच! म्हणून तडजोड झाली. मुलानं झुरिकला रसायनाची इंजिनिअरिंगची पदवी घ्यायची आणि बुडापेस्टला गणिताची डॉक्टरेटही करायची. १९२६ सालापर्यंत त्यानं दोन्ही पुरी केली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात, वयाची तेवीस वर्षंही पुरी झाली नसताना, त्यानं ग्योटिंगेनच्या गणितज्ञांपुढं खेळांवरचा एक निबंध वाचला. १९२८ साली तो छापून आला. त्यातली गोष्ट प्रत्येक आईला ठाऊक असते. दोन भावंडांत बर्फीची एकच वडी उरली, तर एकानं कापायची आणि दुसऱ्यानं आधी उचलायची. कापणारा जाणतो, की मोठा तुकडा समोरचा उचलणार. म्हणून आपल्या वाट्याचा लहान तुकडा होता होईल तेवढा मोठा ठेवायचा, तर वडी बरोबर मध्यावर कापायला हवी. समोरचा आपलं जास्तीत जास्त वाईट करील हे धरून चालायचं आणि त्यातल्या त्यात बरं ते निवडायचं. एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा अशा दोघांच्या कुठल्याही खेळात असा एक ठाम तोडगा असतोच, हे नॉयमननं सिद्ध केलं. यात माया नाही, विश्वास नाही. तरीही वडी निम्मी-निम्मी होते, ही त्यातली गंमत.

* * *

१९३० साली तो अमेरिकेत प्रिन्स्टनला आला आणि १९३३ साली तिथल्या नव्या उच्च अभ्याससंस्थेच्या पहिल्या प्राध्यापकांत त्याची निवड झाली. आइनस्टाइन त्याचा सहकारी. पण दोघांची राहणी अगदी उलट. आइनस्टाइनच्या पायात मोजे नसत. नॉयमन सदा बँकेच्या साहेबासारखा सूटबुटात. ग्रँड कॅन्यनची दरी उतरतानाही खेचरावर तो सुटातच बसला होता. घरी पार्ट्या, दंगा, चावट विनोद, जेवणाची आवड. गोंगाटात त्याला काम सुचे. मोटार मात्र तो भयानक चालवी. अपघात नेमानं होत. खेळांचं शास्त्र लिहिणारा हा माणूस पोकरमध्येही बेताचाच होता. मेट्रोपोलिस नावाच्या त्याच्या सहकाऱ्यानं एकदा त्याच्याकडून दहा डॉलर जिंकले. त्यातल्या पाचांत त्यानं नॉयमनचंच खेळांवरचं पुस्तक विकत घेतलं आणि उरलेली पाचाची नोट विजयाची खूण म्हणून पुठ्ठ्याच्या आत चिकटवून ठेवली.

ते पुस्तक १९४४ साली निघालं. ऑस्कर मॉर्गेनस्टर्न हा व्हिएन्नाहून आलेला अर्थशास्त्रज्ञ त्याचा जोडीदार. सहाशेहून जास्त पानं, बहुतेक चिन्हांनी भरलेली. घासाघीस हा त्यातला एक मोठा विषय. मंडईतलं उदाहरण घेऊ. पेरूवालीला ऐंशी रुपयांखाली टोपली द्यायची नाही आणि गिऱ्हाइकाची शंभरापर्यंत तयारी आहे. सौदा ऐंशी आणि शंभर यांच्या मध्ये कुठं तरी पटणार, एवढं गणित सांगतं. पण नेमका कुठं? नॉयमनचं गणित इथं थांबतं. तीन माणसांच्या रुपयाचंही तसंच. कुठले तरी दोघं एक होणार हे गणित सांगतं. कुठले दोघं, ते सांगत नाही. ते त्या समाजाच्या रूढ रीतीवर अवलंबून राहील, असं दोघा लेखकांनी लिहून ठेवलं.

इथं मी बराच वेळ अडलो. एवढा मोठा गणिती, आणि शेवटी बोट दाखवतो ते रीतीकडे! मग ही रीत येते कुठून? आमच्याकडे ती कुठून आली होती?

त्याच्या पुढची पायरी जॉन नॅश या तरुणानं चढली. १९५० साली त्यानं दोघांच्या घासाघिशीचा एक ठराविक बिंदू काढून दाखवला. समान स्थितीतल्या दोघांत तो बरोबर मध्यावर येतो. नॅश आपली दुसरी एक मोठी कल्पना घेऊन नॉयमनला भेटायला गेला होता. नॉयमननं ती जुन्याच प्रमेयाची आवृत्ती म्हणून बाजूला सारली. पुढं त्याच कल्पनेवर नॅशला १९९४ साली नोबेल मिळालं. फार वेगानं विचार करणारी माणसं कधी कधी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत.

* * *

वाटणीचा प्रश्न त्याच्या आयुष्यात पुस्तकाबाहेरही येत राहिला.

१९३० च्या पहिल्याच दिवशी त्यानं मारिएट या बुडापेस्टच्या मुलीशी लग्न केलं होतं. १९३५ साली मुलगी झाली, मरिना. १९३७ साली घटस्फोट झाला आणि मुलीची वाटणी ठरली. बारा वर्षांची होईपर्यंत तिनं आईकडे राहायचं आणि पुढं अठरापर्यंत वडलांकडे. बापाच्या बुद्धीचा उपयोग जाणत्या वयात होईल, असा हिशेब. तो पाळलाही गेला. मरिना पुढं स्वतः अर्थशास्त्रज्ञ झाली आणि १९७२ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळावर नेमली गेलेली पहिली स्त्री ठरली. २०१२ साली तिनं आठवणी लिहिल्या, त्यात या कराराची हकिकत आहे. तिनं त्याचा कडवटपणा धरलेला नाही. पण करार दोघांचा आणि वाटली गेली तिसरी, हे वाचताना सुटत नाही.

दुसरी वाटणी श्रेयाची. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एकर्ट आणि मॉकली हे दोघं एनिॲक हा प्रचंड संगणक बांधत होते. १९४४ साली नॉयमन त्यांच्यात सामील झाला आणि पुढच्या यंत्राची रचना कशी असावी, यावर सगळ्यांची मिळून चर्चा झाली. हिशेबाचे आकडे आणि ते कसे करायचे त्याच्या सूचना, दोन्ही यंत्राच्या एकाच स्मृतीत ठेवायच्या, ही त्यातली मुख्य गोष्ट. जून १९४५ मध्ये नॉयमननं ती सुरेख मांडून टिपण तयार केलं. ते वाटलं गेलं तेव्हा त्यावर नाव एकट्या त्याचंच होतं. आजही जगातल्या बहुतेक संगणकांच्या रचनेला त्याचंच नाव आहे. टिपण आधीच सर्वांपुढं गेल्यामुळं एकर्ट-मॉकलींना त्या कल्पनेचं पेटंटही घेता आलं नाही. नॉयमनला पैसा नको होता. ज्ञान सर्वांचं असावं असं त्याला मनापासून वाटे. पण ज्यांचा वाटा गेला, त्यांना ते कसं पटावं? तिसरी सही घ्यायला हवी होती, एवढंच.

तिसरी गोष्ट सगळ्यांत भयंकर. १९४३ पासून तो लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या कामात होता. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमध्ये स्फोट बाहेरून आत दाबायचा होता. त्याचं गणित बसवण्यात त्याचा मोठा हात. कुठल्या शहरांवर बॉम्ब टाकायचा हे सुचवणाऱ्या १९४५ च्या समितीतही तो बसला. युद्धानंतर रशियाशी लढाई अटळ असेल तर आपणच आधी वार करावा, या मताचाही तो होता. बर्फीच्या वडीचंच हे गणित. समोरचा आपलं जास्तीत जास्त वाईट करणार, हे धरून चाला. ज्याचं लहानपणीचं जग एका वर्षात उलटंपालटं झालं, युरोपातलं गणगोत ज्यानं हिटलरच्या छायेत पाहिलं, त्याला समोरच्यावर विश्वास ठेवा म्हणून कोणी सांगावं? मी त्याची बाजू घेत नाही. पण दोन परक्यांनी एका टेबलाशी समोरासमोर बसावं, मागं ना गाव ना शेजार, हे चित्र त्याच्या डोक्यातून गेलं नाही, असं मला वाटतं.

* * *

आणि तरीही शेजाराचं गणित मांडायचा पाया त्यानंच घातला.

युद्धानंतर त्यानं प्रिन्स्टनच्या संस्थेत स्वतःचा संगणक बांधायला घेतला. १९५१-५२ पर्यंत तो चालू झाला. त्याची सगळी स्मृती चाळीस अंकी १०२४ शब्दांची, म्हणजे आजच्या भाषेत पाच किलोबाइट. खिशातल्या मोबाइलमधला एक फोटो त्यात मावणार नाही. पण त्याचे आराखडे त्यानं मोकळेपणानं वाटले आणि त्यावरून देशोदेशी यंत्रं उभी राहिली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेला टिफरॅक हा याच धाटणीचा. नॉयमनची दुसरी पत्नी क्लारा हिनं १९४८ साली एनिॲकसाठी लिहिलेल्या आज्ञावली या पहिल्यावहिल्यांत मोडतात.

याच काळात नॉयमनला एका वेगळ्याच कोड्यानं घेरलं. यंत्राला स्वतःसारखं यंत्र जन्माला घालता येईल का? त्याचा मित्र स्तानिस्लाव उलाम यानं त्याला चौकटींचा कागद सुचवला. आपल्या आलेखवहीसारखा, पण अमर्याद. प्रत्येक घर म्हणजे एक छोटं यंत्र. त्याला वरचं, खालचं, डावं आणि उजवं एवढे चारच शेजारी दिसतात. शेजाऱ्यांची अवस्था पाहून ते आपली अवस्था बदलतं. अशा एकोणतीस अवस्था नॉयमननं ठरवल्या. सबंध पटावर कोणी मुकादम नाही, वरून हुकूम नाही. जे काही घडतं ते शेजाऱ्याकडे बघून. एवढ्यावरच, स्वतःची नक्कल करणारी आकृती या कागदावर उभी करता येते, हे त्यानं दाखवायला घेतलं. हस्तलिखित अपुरं राहिलं. त्याच्या मृत्यूनंतर आर्थर बर्क्स यांनी ते पुरं करून १९६६ साली छापलं.

एका हातात घासाघीस, दुसऱ्या हातात शेजाऱ्यांचा पट. पण ही दोन टोकं नॉयमननं बांधली नाहीत. आयुष्य पुरलं नाही. ते काम इतरांनी केलं. १९७१ साली टॉमस शेलिंगनं चौकटींच्या पटावर दोन रंगांच्या सोंगट्या सरकवून दाखवलं, की शेजाऱ्यांबद्दलच्या साध्यासुध्या आवडीनिवडींतूनही शहराची वस्ती विभागली जाते. आणि १९९९ साली जेसन अलेक्झांडर आणि ब्रायन स्किर्म्स या दोन तत्त्वज्ञांनी पटावरच्या घरांना थेट वाटणी करायला बसवलं.

तो खेळ मला दाखवला माझ्या पुतणीनं. धाकट्याची ही मुलगी संगणक शिकायला पुण्याला आली आणि आमच्याकडे उतरली. बापानं पाठवलं, हेच मला पुष्कळ होतं. एका रविवारी दुपारी तिनं लॅपटॉपवर रंगीत चौकटींचा पट उघडला आणि मला नियम समजावले. प्रत्येक घर म्हणजे एक माणूस. दहा भागांच्या भाकरीतून तो किती मागणार, ते ठरलेलं. कोणी तीन, कोणी पाच, कोणी आठ. आपल्या आठही शेजाऱ्यांशी त्यानं एकेकदा वाटणी करायची. दोघांची मागणी मिळून दहाच्या आत असेल, तर ज्यानं जे मागितलं ते त्याला. दहाच्या वर गेली, तर दोघंही उपाशी. फेरी संपली की प्रत्येकानं आजूबाजूला बघायचं आणि ज्याचं सगळ्यांत बरं चाललंय त्याची मागणी उचलायची. बस्स.

तिनं कळ दाबली. आधी नुसती रंगांची रांगोळी विस्कटलेली. मग हावरटांचे लाल ठिपके पसरायला लागले, कारण तीन मागणाऱ्यांच्या शेजारी सात मागणाऱ्याची चैन असते. पण त्याचं बघून शेजारीही सात मागू लागले आणि सातांच्या शेजारी सात, दोघंही उपाशी! लाल रंग स्वतःलाच खात गेला. पाच मागणारे जिथं चौघं-आठ जण एकत्र होते तिथं मात्र दर फेरीला सगळे पोटभर. त्यांचं बघून कडेचे बदलले, त्यांचं बघून त्यांच्या पलीकडचे. वीस-पंचवीस फेऱ्यांत सगळा पट एका रंगाचा झाला. पाच आणि पाच.

मग तिनं एकच गोष्ट बदलली. शेजार काढून टाकला. आता प्रत्येकाची गाठ गर्दीतल्या कोणाशीही पडणार, आज हा, उद्या तो. हा खेळ पुन्हा पुन्हा खेळला तेव्हा कधी पाच-पाच आलं. पण कधी तिघांतला एक सहा मागणारा आणि दोघं मुकाट्यानं चार घेणारे, असा समाज कायमचा बसून गेला. स्किर्म्स यांच्या मूळ प्रयोगांतही परक्यांच्या गर्दीत निम्मी-निम्मी वाटणी शंभरात साठ-बासष्ट वेळाच जिंकते. शेजाऱ्यांच्या पटावर ती जवळजवळ दर वेळी जिंकते.

नॉयमननं जी रीत समाजावर सोपवली होती, ती कुठून येत असावी, याचं एक उत्तर माझ्यासमोर पडद्यावर होतं. यातली घरं सज्जन नाहीत, त्यांना मन नाही, हे मला कळतं. पडद्यावरच्या चौकटींवरून माणसांचा निकाल देऊ नये, हेही कळतं. शेजारी-शेजारी राहून पिढ्यान्‌पिढ्या बांधावरून भांडणारी घरं कोकणात काय कमी आहेत? पण एवढं खरं, की ज्याला आपण रोज बघतो आणि ज्याला आपण दिसतो, त्याच्याशी फार काळ सातची मागणी चालत नाही. धाकटा मुंबईला होता. तो आम्हाला दिसत नव्हता. वाटणीच्या दिवशी आम्ही त्याला गर्दीतल्या माणसासारखं मोजलं.

* * *

१९५५ साली नॉयमन अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाचा सदस्य होऊन वॉशिंग्टनला गेला आणि त्याच उन्हाळ्यात त्याचा खांदा दुखू लागला. कर्करोग हाडांत पोचला होता. पुढच्या वर्षी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हस्ते पदक घ्यायला तो चाकांच्या खुर्चीतून गेला. मग वॉल्टर रीड लष्करी रुग्णालय. बडबडीत एखादं लष्करी गुपित बाहेर पडू नये म्हणून खोलीवर पहारा. देवाधर्माशी फारसं सोयरसुतक नसलेला हा माणूस मरणाच्या भीतीनं कॅथलिक पाद्र्याला बोलावू लागला. भीती गेली नाही. त्याचा भाऊ उशाशी बसून गटेचं फाउस्ट जर्मनमधून वाचून दाखवी; पान उलटायला तो थांबला, की पुढच्या ओळी नॉयमन पाठ म्हणे.

आठवणी शाबूत होत्या, पण हिशेब सुटू लागला होता. शेवटी शेवटी त्यानं मरिनाला आपली परीक्षा घ्यायला सांगितलं. सात आणि चार किती, अशा बेरजा. एकविशीतल्या मुलीनं थोडा वेळ विचारल्या. तो अडखळू लागला, तेव्हा तिला ते बघवेना आणि ती खोलीबाहेर निघून गेली. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी तो गेला. वय अवघं त्रेपन्न.

त्या खोलीत वाटून घ्यायचं काही उरलं नव्हतं. करारानं सहा वर्षं वाट्याला आलेली मुलगी बापाच्या उशाशी बसली होती आणि बापाला हवं होतं ते कोणी तरी शेजारी असणं. हे त्याच्या सूत्रांत कुठं बसतं, मला सांगता येत नाही.

पुतणीला मी आमच्या वाटणीची गोष्ट त्या रविवारीच सांगितली. तिला ती आधीपासून ठाऊक होती. घरात कोणीच काही बोलत नसलं तरी मुलांना सगळं कळतं. ती काही बोलली नाही. लॅपटॉप मिटून तिनं चहा टाकला.

दादा आता थकला आहे, त्याला फोनवर नीट ऐकू येत नाही. म्हणून मी त्याला पत्र लिहिलं, की विहीर आणि शेताचा अर्धा भाग मी धाकट्याच्या नावे करतो आहे, कलमांचं काय ते तू ठरव. उत्तर अजून यायचं आहे. या गणपतीला धाकटा येतो म्हणाला आहे. जुना कागद ट्रंकेतून काढून ठेवला आहे. तिघं ओटीवर बसू, दिवसाउजेडी, आणि मागीलदाराला आधी कडी घालू.